मास इफेक्ट पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी : कुठून सुरू करायचं आणि काय जपायचं

दहावीचा शेवटचा पेपर देऊन भाचा थेट माझ्याकडे आला. "मामा, तुझा तो अंतराळातला गेम मी मित्राकडे तासभर खेळून पाहिला. त्यात सगळेच रडत होते आणि मला एकही माणूस ओळखीचा वाटला नाही." त्याने तिसऱ्या भागापासून सुरुवात केली होती. लग्नघरी अगदी पाठवणीच्या वेळी पोचलेल्या पाहुण्यासारखी त्याची गत झाली होती.

हीच चूक मी २०१० साली केली होती. नागपुरात सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने "दुसरा भाग पहिल्यापेक्षा भारी आहे, तोच घ्या" असं सांगून डिस्क हातात ठेवली. खेळ आवडला, पण पहिल्या पंधरा मिनिटांत जे घडतं त्याचं मला काहीच वाटलं नाही, कारण ज्यांच्यावर ते घडत होतं त्यांच्यासोबत मी एक दिवसही काढला नव्हता. पुढे पहिल्या भागापासून रीतसर खेळलो तेव्हा त्याच पंधरा मिनिटांनी घसा दाटून आला. म्हणून सुरुवातीलाच सांगतो. मास इफेक्टचे पहिले तीन भाग म्हणजे एकच लांब कहाणी आहे. पहिल्या भागात तुम्ही ज्याला जीवदान दिलं, तो तिसऱ्या भागात समोर येऊन उभा राहतो. त्यामुळे क्रम मोडू नका आणि एकच पात्र शेवटपर्यंत न्या.

हे जग नेमकं काय आहे

ही मालिका कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर कंपनीची. १९९५ साली ही कंपनी काढणाऱ्यांतले प्रमुख लोक पेशाने डॉक्टर होते. पहिला भाग २००७, दुसरा २०१० आणि तिसरा २०१२ साली आला. २०१७ मध्ये अँड्रॉमेडा नावाचा वेगळ्या पात्रांचा भाग निघाला. २०२१ च्या मे महिन्यात पहिले तीन भाग नव्याने घासूनपुसून लेजेंडरी एडिशन म्हणून एकत्र मिळू लागले.

कहाणीत माणसाला २१४८ साली मंगळावर प्रोथियन नावाच्या लोप पावलेल्या प्रजातीचे अवशेष सापडतात. पुढच्याच वर्षी कळतं की प्लूटोचा चंद्र शॅरन हा मुळात बर्फात गोठलेलं एक अवाढव्य यंत्र आहे. त्याला मास रिले म्हणतात. आपला खेळ सुरू होतो २१८३ मध्ये. तोवर माणूस आकाशगंगेच्या पंचायतीत नवखा सदस्य म्हणून दाराशी उभा आहे आणि असारी, सलेरियन, ट्युरियन या जुन्या प्रजाती त्याच्याकडे जरा संशयानेच पाहतात.

रिले कसे चालतात हे नागपूरकराला पटकन समजतं. प्राथमिक रिले हजारो प्रकाशवर्षं एका झेपेत पार करवतो, पण त्याची जोडी ठरलेली असते. इथून सुटलं की थेट तिथेच, मधे थांबा नाही. दुय्यम रिलेची झेप काही शे प्रकाशवर्षांची, पण तो आपल्या टप्प्यातल्या कुठल्याही दुसऱ्या रिलेकडे पाठवू शकतो. म्हणजे पहिला एखाद्या विनाथांबा गाडीसारखा आणि दुसरा गणेशपेठच्या एसटी स्टँडसारखा, जिथून चारी दिशांना गाड्या सुटतात. या सगळ्याच्या मुळाशी एलिमेंट झीरो हा कल्पित पदार्थ आहे. त्यातून वीजप्रवाह सोडला की भोवतालच्या वस्तूंचं वस्तुमान कमी-जास्त होतं. मालिकेचं नाव त्यावरूनच पडलं.

लहानपणी शाळेच्या सहलीत रामन विज्ञान केंद्राच्या तारांगणात बसून मान वर केली होती, ती अवस्था मला नॉर्मंडी जहाजावरच्या आकाशगंगेच्या नकाशासमोर पुन्हा आठवते. नकाशातली काही नावं खरी आहेत. नोव्हेरिया हा बर्फाळ ग्रह ज्या हॉर्सहेड तेजोमेघात दाखवलाय तो आपल्या मृग नक्षत्रात आहे, हजार प्रकाशवर्षांहून दूर. हिवाळ्यात गच्चीवर जाऊन मृगाचा पट्टा शोधा आणि मग रात्री नोव्हेरियाला जा. फार सुंदर वाटतं.

घ्यायचं काय, चालवायचं कशावर

लेजेंडरी एडिशन घ्या, जुने सुटे भाग नको. तिन्ही भाग आणि त्यांच्या जवळपास सगळ्या जोडकथा त्यात आहेत. पूर्वी या जोडकथा वेगळ्या विकत घ्याव्या लागायच्या आणि त्यातल्या दोन-तीन तर मूळ कथेइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिल्या भागाची पिनॅकल स्टेशन ही जोडकथा आणि तिसऱ्या भागातला ऑनलाइन सामना तेवढा नाही. दोन्ही नसल्याने नवख्याचं काही अडत नाही. ऑनलाइन दुकानांतल्या सेलमध्ये किंमत बरीच उतरते, तेव्हा थोडा धीर धरा. स्टीमवर घेतलं तरी ईए या प्रकाशक कंपनीचं स्वतःचं ॲप लागतंच, त्याचं खातं आधीच उघडून ठेवा.

कॉम्प्युटरवर १२० जीबी जागा रिकामी हवी. रॅम किमान ८ जीबी आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड, जुनं चालेल. एसएसडीवर टाकलंत तर लिफ्ट आणि दरवाजांपाशी ताटकळावं लागत नाही. डाउनलोड रात्री लावून झोपा.

आता उन्हाचं बोलू, कारण आपल्याकडे परीक्षा संपतात आणि नेमका तेव्हाच पारा चढतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडतो आणि अर्ध्या तासात चित्र अडखळू लागतं. बिघाड झालेला नसतो. चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. भाच्याने लॅपटॉप कुलरच्या थेट तोंडासमोर ठेवला होता. मी तो उचलला तेव्हा कीबोर्डवर बारीक थेंब दिसत होते, वाळ्याच्या ताट्यांतून उडालेले. कुलरची हवा गार असली तरी ओली असते. लॅपटॉप झोताच्या बाजूला ठेवा, मागच्या दोन कोपऱ्यांखाली एकेक पातळ वही सरकवा म्हणजे खालून हवा शिरेल. सेटिंगमध्ये व्ही-सिंक चालू करा, उगाच जास्तीची चित्रं काढत बसत नाही. गादीवर ठेवून तर अजिबात खेळू नका. सकाळी दहाच्या आत किंवा रात्री जेवणानंतर खेळलात तर यंत्रालाही बरं आणि तुम्हालाही.

गंमत अशी की खेळातही हाच प्रश्न आहे. अवकाशात भोवती हवा नाही, त्यामुळे जहाजाची उष्णता वाहून न्यायला काहीच नसतं. ती फक्त प्रारणाने हळूहळू बाहेर पडते, आणि तीच शत्रूला दुरून दिसते. नॉर्मंडी हे जहाज लपू शकतं ते याच कारणाने. ते आपली उष्णता बाहेर न सोडता पोटातल्या टाक्यांमध्ये साठवतं. पण दोन-तीन तासच. त्यानंतर ती सोडावी लागते, नाहीतर आतली माणसं भाजून निघतील. पहिल्या भागातल्या बंदुकांनाही गोळ्या मोजाव्या लागत नाहीत, त्या तापतात. घोडा दाबून धरला की बंदूक बंद पडते आणि शत्रू समोर असतो. थोडं थोडं झाडा, मधे श्वास घेऊ द्या. दुसऱ्या भागापासून मात्र तापलेली नळकांडी बदलायची पद्धत येते. हे सगळं कोडेक्स नावाच्या खेळातल्या ज्ञानकोशात वाचायला मिळतं. मुख्य नोंदी तर वाचूनही दाखवतात. जेवताना कोडेक्स लावून ऐकण्याची सवय लावा.

वीज गेली तर काय, हा आपला कायमचा प्रश्न. खेळ आपोआप सेव्ह करतो, पण लढाई सुरू असताना स्वतःहून सेव्ह करता येत नाही. दार उघडण्याआधी, मोठ्या खोलीत पाऊल टाकण्याआधी सेव्ह करत जा. आणि एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा लिहू नका, नव्या जागी करा.

आपला शेपर्ड घडवताना

शेपर्ड म्हणजे खेळात तुम्ही चालवता ते मुख्य पात्र. तो पुरुष असू शकतो किंवा स्त्री. पुरुष शेपर्डला मार्क मीर यांचा आवाज आहे आणि स्त्री शेपर्डला जेनिफर हेल यांचा. दोन्ही चांगले, पण मला विचाराल तर जेनिफर हेल यांच्या आवाजात राग आणि माया एकाच वाक्यात येतात, तिथे तोड नाही. चेहऱ्यावर तासभर घालवू नका.

वर्ग सहा आहेत. आयुष्यात बंदुकीचा खेळ खेळला नसेल तर सोल्जर घ्या. लपूनछपून खेळायला आवडत असेल तर इन्फिल्ट्रेटर. शत्रूच्या अंगावर धडकणारा व्हॅनगार्ड दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात खरा खुलतो. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला वर्ग बदलता येतो, त्यामुळे चुकलं तरी बिघडत नाही. पूर्वायुष्य मनापासून निवडा. पृथ्वीवरचा अनाथ, वसाहतीतला की जहाजावर वाढलेला, यावरून पहिल्या भागात तुमच्यासाठी एक खास कामगिरी येते.

संभाषणाचं चक्र समजून घ्या. उजवीकडे वरचं उत्तर सहसा समजुतीचं, म्हणजे पॅरागॉन. खालचं कठोर, म्हणजे रेनेगेड. डावीकडे आणखी चौकशी. चक्रावर दिसते ती नुसती खूण, शेपर्ड प्रत्यक्षात बोलतो ते शब्द वेगळे असतात. मराठी किंवा हिंदी आवाज नाही, म्हणून इंग्रजी सबटायटल लावाच. आमच्या घरी भाचा मराठी माध्यमाचा. पहिले दोन दिवस तो अडखळला, मग सलेरियन लोकांचं भरभर बोलणंही पकडू लागला. चक्र समोर आल्यावर वेळेची घाई नसते, अर्थ लावून मग निवडा. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात मात्र बोलणं चालू असताना क्षणभर एक खूण चमकते. तेव्हा बटण दाबलं तर शेपर्ड मध्येच काहीतरी करतो. तिथे बोट तयार ठेवा.

अवघडपणाची पातळी नॉर्मल ठेवा. कहाणीच हवी असेल तर कॅज्युअल ठेवायला काहीच हरकत नाही.

पहिला भाग : इथे घाई करू नका

ईडन प्राइमवरची सुरुवातीची लढाई संपली की तुम्ही सिटाडेल या प्रचंड अंतराळस्थानकावर येता. नवे खेळाडू नेमके इथेच कंटाळतात. खूप चालणं, खूप बोलणं, डझनभर कामं. आधी मुख्य कथा पुढे न्या. कौन्सिल, म्हणजे आकाशगंगेची ती पंचायत, तुम्हाला स्पेक्टर, म्हणजे आपला खास हस्तक करते आणि नॉर्मंडी तुमच्या ताब्यात येते तिथवर जा, मग सिटाडेलवर परत येऊन बारीक कामं करा. एक गोष्ट मात्र सांभाळा. फिस्ट नावाच्या गुंडाच्या अड्ड्यावर जाण्याआधी क्लिनिकमध्ये गॅरसला आणि सी-सेकच्या, म्हणजे स्थानकाच्या पोलिसांच्या, कार्यालयात रेक्सला गाठा. हे दोघे पुढे तुमचे साथीदार होतात. दोघांपैकी एक हातचा सुटू शकतो, आणि या दोघांशिवाय ही मालिका मला कल्पनेतही नको.

पातळी वाढली की सुरुवातीचे गुण चार्म किंवा इंटिमिडेटमध्ये टाका. बंदुकीचा नेम सरावाने सुधारतो, पण समजूत घालण्याची वाट गुण नसले तर उघडतच नाही.

जहाज मिळाल्यावर तीन ग्रह समोर येतात. पहिल्यांदा थेरमला जा, कारण तिथे लियारा ही साथीदार भेटते आणि तिला जितकं लवकर सोबत घ्याल तितका तिचा सहवास जास्त. मग फेरॉस आणि नोव्हेरिया कुठल्याही क्रमाने. प्रत्येक मोहिमेनंतर जहाजावर फेरी मारून सगळ्यांशी बोला. हे मी वारंवार सांगतो, कारण मालिकेचं काळीज तिथेच आहे. लिफ्टमध्ये साथीदार एकमेकांशी बोलतात. आता ती लिफ्ट टाळता येते, पण टाळू नका.

रेक्सशी बोलत राहिलात की क्रोगन लोकांची गोष्ट कळते. ही प्रजाती अतोनात वाढली आणि युद्धं पेटली, म्हणून सलेरियनांनी जीनोफेज हा जैविक उपाय तयार केला आणि ट्युरियनांनी तो क्रोगनांवर सोडला. तेव्हापासून हजारात एखादाच गर्भ जगतो. रेक्स हे रडत सांगत नाही, थंडपणे सांगतो. दुसऱ्या भागात तुम्हाला मॉर्डिन भेटेल, सलेरियन शास्त्रज्ञ, ज्याचे हात या कामात गुंतलेले आहेत आणि ज्याच्यावर तुमचा जीव जडेल. तिसऱ्या भागात या दोघांचा हिशेब तुमच्यासमोर येतो. विज्ञानाने केलेल्या कामाची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न मला इतक्या जवळून दुसऱ्या कुठल्या खेळाने विचारला नाही.

व्हर्मायर या ग्रहावर जाण्याआधी दोन कामं उरका. रेक्सने सांगितलेलं त्याच्या घराण्याचं चिलखत शोधून आणा, आणि सिटाडेलवरची राहिलेली कामं संपवायला घ्या, कारण कथा पुढे गेल्यावर एका टप्प्यानंतर सिटाडेलची दारं बंद होतात. चिलखताचं कारण तिथे पोचल्यावर समजेल. व्हर्मायरवरच एक निवड येते. ती काय हे सांगत नाही, तुम्हीही इंटरनेटवर शोधू नका. भाच्यासमोर ती आली तेव्हा त्याने माउस सोडला, उठून माठातलं पाणी प्यायला, ग्लास हातात घेऊन खिडकीशी उभा राहिला. पाचेक मिनिटांनी येऊन बसला आणि निवड केली. मग मला म्हणाला, "मामा, मी काहून त्याच्याशी जास्त बोललो नाही आधी?" जुना सेव्ह उघडून निवड बदलावीशी वाटेल. बदलू नका. त्या निवडीचं ओझं पुढचे दोन भाग वाहायचं आहे.

माको ही सहाचाकी गाडी घेऊन ओसाड ग्रहांवर भटकणं ऐच्छिक आहे. चार-पाच ग्रह पाहा, सगळे पाहायची गरज नाही.

दुसरा भाग : माणसं जमवणं

पहिला भाग संपवल्यावर नवा खेळ सुरू करताना आधीचं पात्र आयात करायचा पर्याय घ्या. इथे तुम्ही एका जवळजवळ अशक्य मोहिमेसाठी पथक जमवता, जोडकथांसकट एकूण १२ जण. प्रत्येकाची एक स्वतःची मोहीम येते. ती पूर्ण केलीत की तो मनाने तुमचा होतो. शेवटच्या मोहिमेत कोण जगेल आणि कोण नाही हे यावर आणि जहाजाच्या दुरुस्त्यांवर ठरतं. साथीदार जहाजात काही सुधारणा सुचवतील, त्या सगळ्या करा. त्यासाठी ग्रह धुंडाळून खनिजं काढावी लागतात. ते काम रटाळ आहे, दिवसाला दहा मिनिटं करा.

रीपर आयएफएफ नावाची वस्तू आणायची मोहीम आली की थांबा. तिच्याआधी जमतील तितक्या साथीदारांच्या मोहिमा संपवा. तिच्यानंतर काही वेळाने जहाजावर एक भयंकर प्रसंग घडतो. तो घडला की इकडेतिकडे न फिरता तडक शेवटच्या मोहिमेला निघा. उशीर केलात तर किंमत मोजावी लागते. शेवटच्या मोहिमेत ज्याचं जे काम त्यालाच ते द्या. तंत्रज्ञाला तंत्राचं, नेतृत्व केलेल्याला नेतृत्वाचं.

या भागात पॅरागॉन आणि रेनेगेड अर्धे अर्धे ठेवलेत तर अवघड प्रसंगी दोन्ही वाटा बंद दिसतात. एका बाजूला झुकतं माप द्या. शॅडो ब्रोकरची जोडकथा चुकवू नका. अरायव्हल ही जोडकथा सगळ्यात शेवटी, मुख्य कथा संपल्यावर करा, कारण ती सरळ तिसऱ्या भागाच्या दारात सोडते.

तिसरा भाग

आता युद्ध सुरू झालंय. इथे मी फार काही सांगणार नाही, तुम्ही आता या जगातले झालेले असता. काही छोट्या मोहिमा कथा पुढे सरकली की कायमच्या बंद होतात, म्हणून मुख्य मोहिमेआधी समोर असलेलं किरकोळ काम उरकत चला. लेव्हायथन ही जोडकथा मधेच केव्हातरी खेळा. सिटाडेल ही २०१३ साली आलेली जोडकथा मात्र राखून ठेवा आणि शेवटच्या हल्ल्याला निघण्याच्या अगदी आधी खेळा. तिच्यात सगळे साथीदार एका घरात जमतात. खातात, भांडतात, नाचतात. त्यानंतर अंतिम लढाईला निघताना मागे कोण आहे हे तुम्हाला नीट ठाऊक असतं.

शेवटावरून २०१२ मध्ये जगभर वाद झाला आणि त्याच वर्षी कंपनीने वाढवलेला शेवट फुकट दिला. लेजेंडरी एडिशनमध्ये तोच आहे. मला आजही शेवटची दहा मिनिटं बाकीच्या कथेच्या तोडीची वाटत नाहीत. पण टुचांका आणि रॅनॉक या दोन ग्रहांवर तुमच्या निवडींची जी फळं मिळतात, ती माझ्या दृष्टीने मालिकेचा खरा शेवट आहेत.

पुस्तकं, कॉमिक्स आणि चित्रपट

ड्रू कारपिशिन हे पहिल्या दोन भागांचे प्रमुख लेखक. त्यांच्या तीन कादंबऱ्या वाचण्यासारख्या आहेत. रेव्हेलेशन ही तरुण अँडरसन आणि सॅरेनची, पहिल्या भागाच्या आधीची गोष्ट. तरी ती पहिला भाग खेळून झाल्यावरच वाचा, सॅरेन कळलेला असला की तिला धार येते. असेन्शन पहिल्या आणि दुसऱ्या भागांच्या मधे, रेट्रिब्युशन दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांच्या मधे. डिसेप्शन ही चौथी कादंबरी वेगळ्या लेखकाची आहे. तिच्यात आधीच्या कथेशी न जुळणाऱ्या इतक्या चुका निघाल्या की वाचकांनी याद्या केल्या. ती सोडा.

कॉमिक्समध्ये रिडेम्प्शन आधी घ्या, पण दुसरा भाग संपल्यावरच. लियारा त्या मधल्या काळात काय करत होती हे त्यात आहे. पॅरागॉन लॉस्ट हा २०१२ चा जपानी ॲनिमेशनपट तिसऱ्या भागातल्या जेम्स व्हेगाचा आहे. तो भेटल्यावर पाहिलात तरी चालेल, न पाहिलात तरी कथा अडत नाही.

अँड्रॉमेडा सगळ्यात शेवटी. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर, आणि तिथे वस्ती करायला निघालेली माणसं ६०० हून जास्त वर्षं झोपून पोचतात. शेपर्ड नाही, रायडर हे नवं घराणं. लढाई चपळ आहे, ग्रह देखणे आहेत, पात्रं मात्र मनात तितकी खोल उतरत नाहीत. तीन भागांनंतर लगेच सुरू केलात तर तुलना होईल. एखादा पावसाळा जाऊ द्या.

आणि विंडोज बदलण्याआधी किंवा लॅपटॉप दुरुस्तीला देण्याआधी डॉक्युमेंट्समध्ये बायोवेअर नावाचा फोल्डर शोधा. तुमच्या शेपर्डचे सगळे सेव्ह त्यात असतात. तो पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. भाच्याचा पेनड्राइव्ह माझ्या टेबलाच्या खणात आहे, वर चिकटपट्टी लावून त्याने पेनाने लिहिलंय, "शेपर्ड, पहिला. पुसू नये."